टोमॅटोचे रानटी भाऊबंद आणि जनुकांचा माग

बाजारात टोमॅटो नाना रूपांत दिसतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत क्रेट भरभरून येणारा टणक, लांबट टोमॅटो, ‘गावठी’ म्हणून विकला जाणारा चपटा, आंबट आणि पातळ सालीचा टोमॅटो, शहरातल्या दुकानांत डबीतून मिळणारा इवलासा चेरी टोमॅटो, ही सारी मंडळी शेजारी शेजारी ठेवली तर या पिकात वैविध्याला तोटा नाही असेच कोणालाही वाटेल. डीएनएच्या पातळीवर पाहिले तर चित्र उलटे आहे. टोमॅटो आणि त्याच्या रानटी भाऊबंदांमध्ये मिळून जेवढे जनुकीय वैविध्य आहे, त्यातले पाच टक्क्यांहूनही कमी लागवडीखालील टोमॅटोच्या वाट्याला आले आहे, असा अंदाज अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून देत आले आहेत. आकार आणि रंग ठरवणारी मोजकी जनुके वेगवेगळी आणि बाकीचा संसार जवळजवळ सारखा, अशी या पिकाची अवस्था आहे.

याचे कारण टोमॅटोच्या प्रवासात आहे. त्याचे मूळ घराणे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः पेरू आणि इक्वेडोरच्या परिसरात आहे. तिथल्या वाटाण्याएवढ्या लाल फळांच्या सोलॅनम पिंपिनेलिफोलियम या जातीपासून आधी चेरीएवढ्या फळांचा टोमॅटो तयार झाला, तो उत्तरेकडे मेक्सिकोपर्यंत पोहोचला, तिथे मोठ्या फळांची झाडे निवडली गेली, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्यातले थोडे बियाणे युरोपात नेले. तिथून ते जगभर पसरले. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बी पुढे गेले आणि उरलेले वैविध्य मागेच राहिले. त्यातच लागवडीचा टोमॅटो स्वतःच्याच परागांवर फळ धरतो, त्यामुळे बाहेरचे रक्त मिसळण्याची संधीही त्याला फारशी मिळाली नाही.

हे दारिद्र्य पैदासकाराला दोन ठिकाणी नडते. रोगप्रतिकार किंवा पाण्याचा ताण सोसण्याची ताकद यांसारखे गुण मुळात पिकातच नसतील, तर कितीही वाण एकमेकांशी संकरित केले तरी ते येणार कुठून? ही अडचण सहज लक्षात येते. दुसरी अडचण कमी बोलली जाते, पण जनुकांच्या शोधात तीच अधिक महत्त्वाची ठरली आहे. एखादा गुण कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी आहे हे शोधायचे असेल, तर आई आणि बाप यांच्या डीएनएमध्ये जागोजागी फरक असावा लागतो, कारण संततीतला कोणता तुकडा कोणाकडून आला हे त्या फरकांवरूनच ओळखता येते. दोन लागवडीच्या वाणांचा डीएनए इतका सारखा असतो की जुन्या तंत्रांनी असे फरक सापडणे दुरापास्त होते. रानटी जातीशी संकर केला की मात्र गुणसूत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरकच फरक मिळतात. रानटी टोमॅटो नवी जनुके देतो हे सगळेच सांगतात. मोजण्याची पट्टीही तोच देतो, आणि टोमॅटोच्या जनुकीय संशोधनाचा पाया या दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

कोण आहेत हे भाऊबंद

टोमॅटोच्या जवळच्या रानटी जाती डझनभर आहेत. सगळ्यांची गुणसूत्रे बारा जोड्यांची, म्हणून संकर शक्य होतो. पण राहणीमान एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. सोलॅनम पेनेलिआय पेरूच्या किनाऱ्यालगतच्या कोरड्या उतारांवर वाढते. सोलॅनम चिलेन्से चिलीच्या उत्तरेला आटाकामा वाळवंटापर्यंत तग धरते. सोलॅनम हॅब्रोकायटिस अँडीज पर्वतात तीन हजार मीटरपेक्षा उंचावरही सापडते, आणि तिची पाने व खोडे दाट केसांनी भरलेली असतात. गॅलापागोस बेटांवरच्या दोन जाती नारिंगी-पिवळ्या फळांच्या आहेत. लाल फळ देणारी रानटी जात म्हणजे पिंपिनेलिफोलियम; बाकी बहुतेकांची फळे पिकली तरी हिरवीच राहतात, लहान असतात आणि चवीला कडू किंवा विचित्र लागतात.

या जाती गोळा करण्याचे श्रेय सर्वाधिक कोणाला द्यायचे असेल तर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत काम केलेल्या चार्ल्स रिक यांना द्यावे लागते. अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांतून त्यांनी अनेक दौरे करून जमवलेले बियाणे डेव्हिसमधील टोमॅटो जननद्रव्य केंद्रात जपलेले आहे. हे केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि जगभरच्या संशोधकांना तिथून बी मिळते. गॅलापागोसच्या टोमॅटोचे बी मात्र त्यांना दाद देईना. पेरले तरी उगवतच नसे. शेवटी त्या बेटांवरच्या महाकाय कासवांना ही फळे खाऊ घालून त्यांच्या विष्ठेतले बी पेरण्याचा प्रयोग झाला आणि बी उगवले. हा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज कासवाची गरज पडत नाही. घरगुती ब्लीचच्या पातळ द्रावणात अर्धा तास ठेवले की बियाचे कठीण आवरण मऊ पडते. याच बेटांवरच्या टोमॅटोतून रिक यांना फळाच्या देठावर सांधा नसलेली झाडे मिळाली. सांधा नसला की फळ तोडताना देठ झाडावरच राहतो, फळाला चिकटून येत नाही आणि ट्रॉलीत शेजारच्या फळाला टोचत नाही. यंत्राने काढणी करणाऱ्या प्रक्रिया उद्योगाला हा गुण फार मोलाचा वाटला. त्यामागचे जनुक नेमके कोणते, हे मात्र २०१७ मध्ये उलगडले.

नकाशा कसा काढतात

लागवडीचा टोमॅटो आई आणि रानटी जात बाप धरून संकर केला, तर पहिल्या पिढीच्या प्रत्येक झाडात गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईचे आणि एक बापाचे असते. (पेनेलिआयसारख्या जातींच्या बाबतीत उलटा संकर, म्हणजे रानटी आई आणि लागवडीचा बाप, सहसा जमत नाही, रानटी झाडाचे स्त्रीकेसर लागवडीच्या टोमॅटोचे पराग नाकारते.) या पहिल्या पिढीच्या झाडात पराग आणि बीजांडे तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात. म्हणून पुढच्या पिढीतल्या झाडाला मिळणारे गुणसूत्र काही भाग आईकडचे, काही भाग बापाकडचे, असे जोडतुकड्यांचे असते आणि हे तुकडे प्रत्येक झाडात वेगळ्या जागी तुटलेले असतात.

डीएनएमधील ज्या फरकांवरून हे तुकडे ओळखतात त्यांना मार्कर म्हणतात. महामार्गावरच्या मैलाच्या दगडांसारखे हे मार्कर गुणसूत्रावर ठरलेल्या जागी असतात आणि आपण कुठे आहोत हे सांगतात. आता समजा, दोनशे झाडांच्या संततीत प्रत्येक झाडाचे फळ वजन केले आणि प्रत्येकाचे शंभर मार्कर तपासले. ज्या झाडांत एका विशिष्ट मार्करचे रानटी रूप आहे त्यांची फळे सरासरीने लहान भरतात असे दिसले, तर फळाच्या वजनावर परिणाम करणारे काहीतरी त्या मार्करच्या आसपास आहे, एवढे कळते. मार्कर आणि जनुक जितके जवळ, तितकी देवाणघेवाणीत त्यांची ताटातूट क्वचित होते. शंभरांत एका संततीत ताटातूट झाली तर त्या अंतराला एक सेंटीमॉर्गन म्हणतात.

डीएनए थेट तपासण्याची सोय नव्हती तेव्हा हेच काम एन्झाइमांवरून करत. त्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना रोखणारे ‘एमआय’ हे जनुक सोलॅनम पेरुव्हियानम या जातीतून आले. या दोन जातींचा संकर झाला तरी गर्भ बियात जगत नाही, म्हणून १९४० च्या दशकात तो कोवळा गर्भ बियातून काढून प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवावा लागला. त्या एका झाडापासून मिळालेले जनुक आज जगभरच्या सूत्रकृमीरोधक वाणांमध्ये आहे. पण कोणत्या रोपात ते आले आणि कोणत्या नाही, हे कळायला रोपे सूत्रकृमी असलेल्या मातीत वाढवून, उपटून, मुळे धुऊन गाठी मोजाव्या लागत. रिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये दाखवले की याच जनुकाला खेटून आम्लधर्मी फॉस्फटेज या एन्झाइमचे एक जनुक आहे, आणि त्याचे रानटी रूप स्टार्चच्या जेलवर विजेच्या दाबाने वेगळ्या वेगाने सरकते. पानाचा छोटा तुकडा वाटायचा, रस जेलच्या कडेला टेकवायचा, वीज सोडायची आणि रंग चढवून पट्टी कुठे उमटली ते पाहायचे. रोप उपटायची गरजच उरली नाही. मार्करच्या आधारे निवड करण्याच्या पद्धतीचे पिकांमधले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे.

१९८० च्या दशकात डीएनएचे मार्कर आले आणि १९८८ मध्ये टोमॅटोने वनस्पतिशास्त्राला एक धडा दिला. फळाचे वजन, रसातील विद्राव्य घन पदार्थ, आंबटपणा असे गुण एका जनुकाने ठरत नाहीत, अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांची ती बेरीज असते, म्हणून ती जनुके एकेकटी पकडता येणार नाहीत असा तोवरचा समज होता. सोलॅनम चिमिएलेव्हस्की या हिरव्या फळांच्या जातीशी टोमॅटोचा संकर करून, पुन्हा टोमॅटोशी जोडून मिळालेल्या २३७ झाडांवर स्टीव्हन टँक्सली, अँड्र्यू पॅटरसन, एरिक लँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण गुणसूत्रांचा नकाशा वापरला. फळाच्या वजनावर परिणाम करणाऱ्या सहा जागा, घन पदार्थांवर चार आणि आम्लतेवर पाच जागा त्यांनी दाखवून दिल्या. अशा जागेला क्यूटीएल म्हणतात. नकाशावर ती जागा लांबलचक असते, तिच्यात शेकडो जनुके असू शकतात, पण कुठे खणायचे ते तरी ठरते.

चिमिएलेव्हस्कीची निवड इथे उगाच झाली नव्हती. १९६२ मध्ये रानटी बटाट्यांच्या शोधात पेरूमध्ये गेलेल्या ह्यू इल्टिस आणि डॉन यूजेंट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटेत दिसलेल्या एका क्षुल्लक हिरव्या टोमॅटोचे बी रिक यांना पाठवले होते. रिक यांनी ते टोमॅटोशी संकरित केले तेव्हा संततीच्या रसात घन पदार्थ वाढलेले आढळले. फळ पाहून या जातीकडून कोणी असली अपेक्षा केली नसती.

एका वेळी एकच तुकडा

रानटी संकराची पद्धत इथपर्यंत चांगली वाटते, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. अशा संततीत सगळेच एकाच वेळी बदललेले असते. एक झाड बुटके, दुसरे दोन महिने उशिरा फुलणारे, तिसरे वांझ. फळाचे वजन मोजायचे तर काही झाडांना फळच नाही. एखाद्या लहान परिणामाचे जनुक या गोंधळात लपून जाते. शिवाय दर पिढीत झाडे बदलत असल्याने तोच प्रयोग पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी पुन्हा करता येत नाही.

यावर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या रेहोवोत येथील कृषी शाखेत दानी झमीर आणि युवल एशेद यांनी काढलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात नव्या यंत्रापेक्षा चिकाटीचे आणि नीटनेटकेपणाचे मोल अधिक होते. त्यांनी एम-८२ हा प्रक्रियेसाठीचा टोमॅटो आणि सोलॅनम पेनेलिआय यांचा संकर घेतला, त्याचा पिढ्यान्‌पिढ्या एम-८२ शीच पुन्हा पुन्हा संकर, म्हणजे पश्चसंकर, केला आणि प्रत्येक पिढीत मार्कर तपासून अशी झाडे निवडली की अखेरीस पन्नास वाण हाती आले. यातला प्रत्येक वाण जवळजवळ संपूर्ण एम-८२ च आहे. फक्त एका जागी, एका गुणसूत्राच्या एका पट्ट्यात, रानटी डीएनए आहे. पन्नास वाणांतले पट्टे जोडले की रानटी जातीची बाराही गुणसूत्रे झाकली जातात. या संचाला इंट्रोग्रेशन लाइन म्हणतात. त्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातली सोय प्रत्यक्ष शेतावर दिसते. एम-८२ च्या ओळीशेजारी एका वाणाची ओळ लावली आणि त्याची फळे पिवळी निघाली, तर दोष किंवा श्रेय त्या एकाच पट्ट्याचे. दुसरीकडे शोधायचे कारण नाही. वाण शुद्ध असल्याने बी जपता येते, दुसऱ्या देशात पाठवता येते, दहा वर्षांनी पुन्हा लावता येते. एका प्रयोगशाळेत साखर मोजली, दुसरीत मुळे, तिसरीत सुगंधी द्रव्ये, तरी सगळी माहिती त्याच पन्नास पट्ट्यांवर येऊन बसते.

रंगाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पेनेलिआयची फळे कधीच लाल होत नाहीत, तेव्हा तिच्या डीएनएचा फळाच्या रंगाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिसऱ्या गुणसूत्राचा एक रानटी पट्टा आणला की टोमॅटो पिवळा होतो, कारण लाल रंगाच्या साखळीतली पहिलीच कडी त्या पट्ट्यात निकामी आहे. सहाव्या गुणसूत्राचा एक पट्टा आणला की टोमॅटो नारिंगी होतो. तिथे लायकोपिन या लाल द्रव्याचे बीटा-कॅरोटिनमध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमचे जनुक आहे. साध्या टोमॅटोत फळ पिकताना ते जवळजवळ झोपलेले असते. रानटी रूपात मात्र ते जोमाने काम करते. २००० मध्ये हे जनुक हाती आले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली: काही जुन्या गडद लाल वाणांमध्ये याच जनुकाचे बिघडलेले रूप असते आणि त्यामुळे लायकोपिन खर्ची न पडता साठून राहते. हिरव्या फळाच्या जातीने लाल टोमॅटोच्या लालीचे कारण सांगितले.

पट्ट्यापासून एका अक्षरापर्यंत

नाशिक भागातल्या द्राक्ष बागायतदारांना ब्रिक्स म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून गोडी पाहण्याचे ते माप. टोमॅटोची पेस्ट आणि केचप बनवणाऱ्यांसाठी हेच माप पैशात मोजले जाते, कारण रसात घन पदार्थ जितके अधिक, तितके पाणी आटवण्याचे इंधन कमी. मात्र टोमॅटोच्या पैदासकारांचा अनुभव असा की ब्रिक्स वाढवायला जावे तर उत्पादन घटते. झमीर यांच्या संचातल्या नवव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याने उत्पादनाला फारसा धक्का न लावता ब्रिक्स वाढवला. त्या जागेला ब्रिक्स९-२-५ असे नाव पडले.

पुढचे काम शोधकार्याच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचे असते. पट्ट्याचा वाण पुन्हा एम-८२ शी संकरित करून हजारो रोपे वाढवायची आणि त्यांतून ज्यांच्यात नेमका या पट्ट्याच्या आतच तुकडा तुटला आहे अशी मोजकी रोपे मार्करने वेचून काढायची. प्रत्येक रोपात रानटी डीएनएचा थोडा वेगळा भाग शिल्लक असतो. कोणात ब्रिक्स वाढतो आणि कोणात नाही हे पाहत पाहत जागा आवळत न्यायची. एयाल फ्रिडमन यांनी झमीर यांच्या प्रयोगशाळेत ही जागा आवळत आवळत २००० मध्ये अवघ्या ४८४ अक्षरांपर्यंत आणली. इथे अक्षर म्हणजे डीएनएचा एक घटक. टोमॅटोच्या संपूर्ण डीएनएमध्ये अशी सुमारे नव्वद कोटी अक्षरे आहेत. ही ४८४ अक्षरे ‘लिन५’ नावाच्या जनुकात होती. हे जनुक इन्व्हर्टेज एन्झाइम बनवते, जे कोवळ्या फळात पानांकडून आलेल्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. सुक्रोज झपाट्याने फुटत राहिले की फळाकडे आणखी सुक्रोज ओढले जाते. २००४ मध्ये त्याच गटाने वेगवेगळ्या रानटी जातींमधील हे जनुक ताडून दाखवले की सारा फरक एका अक्षराचा आहे. त्याने एन्झाइममधला एक अमिनो आम्लाचा मणी बदलतो आणि तोही नेमका एन्झाइमच्या कामाच्या जागेजवळचा.

फळाच्या आकाराचा शोध थोडा वेगळ्या वाटेने गेला. दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाकडची ‘एफडब्ल्यू२.२’ ही जागा फळाच्या वजनात तीस टक्क्यांपर्यंत फरक पाडते, हे अनेक संकरांत दिसले होते. कॉर्नेल विद्यापीठात टँक्सली यांच्या गटाने २००० मध्ये तिथले जनुक वेगळे केले. पुरावा देण्याची पद्धत गमतीची होती: पेनेलिआयमधला त्या जागेचा तुकडा मोठ्या फळाच्या टोमॅटोत घातला आणि फळे लहान झाली. शेतकऱ्याला अशा टोमॅटोचा काही उपयोग नाही, पण आरोपी तोच आहे हे सिद्ध झाले. हे जनुक फळाच्या पेशींच्या विभाजनाला लगाम घालते. रानटी आणि लागवडीच्या टोमॅटोत जनुकाचे प्रथिन जवळपास सारखेच असते. लगाम केव्हा आणि किती ओढला जातो यात फरक असतो. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी मोठ्या फळाचे बी राखून ठेवले, तेव्हा त्याच्या नकळत निवड या वेळापत्रकाची झाली होती.

रोग, आणि त्यांच्यासोबत येणारे नको ते

शेतकऱ्याच्या दृष्टीने रानटी टोमॅटोचा सर्वांत मोठा उपकार रोगप्रतिकाराचा आहे. मर रोगाविरुद्धचे एक जनुक पिंपिनेलिफोलियममधून १९४० मध्येच आणले गेले होते. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या जिवाणूविरुद्धचे ‘पीटीओ’ हे जनुक याच जातीचे. १९९३ मध्ये ग्रेगरी मार्टिन, टँक्सली आणि सहकाऱ्यांनी नकाशाच्या आधारे ते वेगळे केले, आणि केवळ नकाशावरची जागा धरून वनस्पतीतले रोगप्रतिकारक जनुक हाती येण्याची ही अगदी पहिल्या काही उदाहरणांपैकी एक घटना होती. पीटीओ असलेल्या टोमॅटोवर फेन्थिऑन हे कीटकनाशक फवारले तर पानांवर करपल्यासारखे डाग पडतात हे शेतात आधीच दिसले होते. शोध घेतल्यावर कळले की डाग पाडणारे जनुक वेगळे आहे, पण पीटीओच्या अगदी शेजारी बसलेले आहे आणि दोघे एकत्रच आले आहेत.

शेजाऱ्याने सोबत येणे ही रानटी जनुकांची जुनी खोड आहे. पश्चसंकर कितीही केले तरी हव्या त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचा बराच रानटी डीएनए चिकटून येतो, आणि त्यात फळ लहान करणारे, फळधारणा कमी करणारे किंवा चव बिघडवणारे काहीही असू शकते.

महाराष्ट्रातल्या टोमॅटो उत्पादकांना पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ रोग चांगला ठाऊक आहे: पाने आकसतात, वर वळतात, झाड खुजे राहते आणि लवकर लागण झाली तर फळच धरत नाही. याविरुद्ध जगात वापरल्या जाणाऱ्या जनुकांपैकी एकाचा भारताशी थेट संबंध आहे. कल्लू आणि बॅनर्जी या भारतीय संशोधकांनी हॅब्रोकायटिसमधून हा प्रतिकार टोमॅटोत आणून १९९० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली; त्यातून मिळालेला एच-२४ हा वाण तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात अभ्यासला गेला आणि अकराव्या गुणसूत्रावर रानटी पट्टा सापडला. त्या जनुकाला ‘टीवाय-२’ म्हणतात. पर्णगुच्छ आणणारा विषाणू एकच नाही, अनेक आहेत, आणि टीवाय-२ काहींना रोखतो, काहींपुढे हात टेकतो. म्हणून पैदासकार त्याला चिलेन्सेमधून आलेल्या ‘टीवाय-१’ किंवा ‘टीवाय-३’ ची जोड देतात.

टीवाय-१ ने संशोधकांना चांगलेच छळले. तो सहाव्या गुणसूत्रावर आहे, पण संकरात त्या भागात तुकडे तुटतच नसत; मोठा रानटी पट्टा अखंडच पुढे जाई. कारण पुढे स्पष्ट झाले. चिलेन्सेमध्ये गुणसूत्राचा तो भाग टोमॅटोच्या तुलनेत उलटा बसलेला आहे, त्यामुळे दोन गुणसूत्रे तिथे एकमेकांना लागून बसत नाहीत आणि देवाणघेवाण होत नाही. बऱ्याच प्रयत्नांनी मिळालेल्या मोजक्या तुटलेल्या रोपांवरून नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की टीवाय-१ आणि टीवाय-३ ही एकाच जनुकाची दोन रूपे आहेत. त्यातून बनणारे एन्झाइम विषाणूच्या जनुकांना मूक करण्याच्या झाडाच्या स्वतःच्या यंत्रणेला बळ देते.

नकाशा छापल्यानंतर

२०१२ मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. हाइन्झ-१७०६ या वाणावर अनेक देशांनी मिळून हे काम केले. पाचवे गुणसूत्र भारताच्या वाट्याला होते आणि दिल्लीतल्या संस्थांनी ते पार पाडले. सोबत पिंपिनेलिफोलियमचाही कच्चा आराखडा होता, आणि त्या दोघांच्या डीएनएत जेमतेम ०.६ टक्के फरक निघाला. पेनेलिआयचा जनुकसंच २०१४ मध्ये आला. आता मार्कर शोधण्यात वर्षे घालवावी लागत नाहीत. अक्षरे समोरच आहेत.

पण एका वाणाचा जनुकसंच म्हणजे टोमॅटोचा जनुकसंच नव्हे, हे २०१९ मध्ये ठसठशीतपणे दिसले. ७२५ लागवडीच्या आणि जवळच्या रानटी टोमॅटोंचा डीएनए एकत्र ताडून पाहिला तेव्हा हाइन्झमध्ये नसलेली ४,८७३ जनुके सापडली. त्याच अभ्यासात ‘टॉमलॉक्स-सी’ या स्वादाशी संबंधित जनुकाचे एक रूप पुढे आले. रानटी पिंपिनेलिफोलियममध्ये ते जवळपास सर्वत्र आढळते, जुन्या मोठ्या फळांच्या वाणांमध्ये अगदी विरळ. टोमॅटोला पूर्वीची चव राहिली नाही ही तक्रार घराघरांत ऐकू येते, आणि तिच्यामागे एकच कारण नाही. परंतु निवडीच्या ओघात विरळ झालेले जनुकाचे हे एक रूप आता नावानिशी माहीत झाले आहे.

२०१८ मध्ये काही गटांनी उलट दिशेचा प्रयोग केला. त्यांतल्या एका गटाने रानटी पिंपिनेलिफोलियम घेतला आणि डीएनएत नेमक्या जागी बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने त्यात झाडाची ठेवण, फळाचा आकार, फळांची संख्या आणि रंगद्रव्य यांच्याशी संबंधित सहा जागी बदल केले. फळ तिपटीने मोठे आणि फळांची संख्या दसपट झाली. या सहा जागांत एफडब्ल्यू२.२ आहे, आणि नारिंगी टोमॅटोच्या पट्ट्यात सापडलेले ते बीटा-कॅरोटिनचे जनुकही आहे. म्हणजे तीस वर्षांच्या संकरांतून जे सापडले होते, तेच इथे कामी आले.

तरीही ही वाट सगळ्या गुणांसाठी खुली नाही. माहीत असलेले जनुक बदलता येते. पेनेलिआयचा पाण्याचा ताण सोसण्याचा गुण मात्र अनेक जागांवर विखुरलेला आहे आणि त्यातल्या बहुतेक जागा अजून मोठ्या पट्ट्यांच्याच स्वरूपात ओळखीच्या आहेत. त्यामुळे झमीर यांच्या गटाने पुढे पेनेलिआयचेच आणखी लहान तुकडे असलेल्या शेकडो नव्या वाणांचा संच तयार केला, आणि जुन्या पन्नास वाणांच्या शेजारी तोही आता शेतात लावून मोजला जातो.